आपत्ती येण्यापूर्वी : घराच्या सिद्धतेविषयी आवश्यक माहिती

भूकंप, पूर, चक्रीवादळ, दरडी कोसळणे, वीज पडणे आणि उष्णतेची लाट यांपैकी एकाही आपत्तीची भीती नाही असा जिल्हा भारतात शोधूनही सापडणे कठीण आहे. गेल्या दोन दशकांत या आपत्तींना तोंड देणारी शासकीय यंत्रणा पूर्वीपेक्षा बरीच सक्षम झाली आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ मध्ये अस्तित्वात आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांना त्यामुळे कायद्याचे अधिष्ठान लाभले. तथापि मदतीची तुकडी कितीही तातडीने निघाली तरी घटनास्थळी पोहोचण्यास तिला काही तास लागतातच. त्या तासांत उपयोगी पडतात ती घरातील आणि शेजारची माणसे. १९९३ साली किल्लारी परिसरात आणि २००१ साली कच्छमध्ये ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्या अनेकांना त्यांच्या नातलगांनी व शेजाऱ्यांनीच हातांनी दगडमाती उपसून बाहेर काढले होते.

घराची पूर्वतयारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टॉर्च, बिस्किटे आणि औषधे भरलेली एक पिशवी उभी राहते. पिशवी हवीच, पण ती भरण्यास एक संध्याकाळ पुरते. त्याहून अवघड आणि अधिक महत्त्वाचे काम म्हणजे काही निर्णय आधीच घेऊन ठेवणे. घर केव्हा सोडायचे, अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोणी उचलायचे, गुरे कोणी सोडायची, ताटातूट झाल्यास भेटायचे कोठे, या प्रश्नांवर पाणी उंबऱ्याशी आल्यानंतर कुटुंबात एकमत होत नाही आणि त्या वादात हाती असलेला वेळ निघून जातो.

आपल्या घराला धोका कशाचा?

सर्व आपत्तींना लागू पडेल अशी एकच तयारी नसते. वादळात भक्कम छपराखाली थांबणे हिताचे असते, तर दरड कोसळण्याची चिन्हे दिसताच तेच घर सोडणे हिताचे ठरते. म्हणून आपल्या घराला नेमका कशाचा धोका आहे हे प्रथम निश्चित करावे लागते. या बाबतीत केवळ स्वतःच्या आठवणीवर विसंबून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. राजस्थानच्या वाळवंटातील बाडमेर जिल्ह्यात २००६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे पाणी मुरले नाही आणि कवास परिसरात ते दीर्घकाळ साचून राहिले. बाडमेरमध्ये पुराची तयारी करून ठेवण्याचे त्यापूर्वी कोणाच्या मनात आले असण्याची शक्यता कमीच.

माहिती मिळविण्याचे मार्ग मात्र सोपे आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करणे कायद्याने बंधनकारक आहे. पूररेषा, दरडप्रवण गावे आणि निवाऱ्याच्या जागा यांची माहिती त्यात असते, आणि अनेक जिल्ह्यांचे आराखडे संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. दुसरा मार्ग म्हणजे गावातील वृद्ध मंडळी. पाणी पूर्वी कोणत्या ओट्यापर्यंत आले होते, कोणता ओढा बुजवून त्यावर वस्ती झाली आहे, डोंगराचा कोणता भाग पूर्वी घसरला होता, हे त्यांना ठाऊक असते. आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठी राहणारा मिसिंग समाज खांबांवर उभारलेल्या चांगघरात राहतो. नदीच्या स्वभावाची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंदच तेथे घराच्या रचनेत उतरली आहे.

इशाऱ्यांची भाषा समजून घेणे

हवामान विभागाचे इशारे आता दूरचित्रवाणी, रेडिओ आणि मोबाइलवरून काही मिनिटांत घरोघरी पोहोचतात. ते नेमके काय सांगतात हे मात्र पुष्कळदा स्पष्ट झालेले नसते. पिवळा रंग 'माहिती घेत राहा', नारिंगी रंग 'सज्ज राहा' आणि लाल रंग 'कृती करा' असे सुचवितो. रंग ठरविताना केवळ पावसाचे प्रमाण पाहिले जात नाही, तर त्याच्या संभाव्य परिणामांचाही विचार होतो. त्यामुळे दोन जिल्ह्यांत सारख्याच पावसाची अपेक्षा असली तरी रंग वेगळे असू शकतात.

शब्दांच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. हवामान विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार, आणि त्यापुढील पावसासाठी आणखी वरची श्रेणी आहे. महाराष्ट्रात महसूल विभागाच्या लेखी मात्र एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी ठरते. म्हणजे एका खात्याची अतिवृष्टी ही दुसऱ्या खात्याची केवळ 'मुसळधार' असते. बातमीचे भाषांतर करणाऱ्याची यात कसोटी लागते, आणि घाईत विशेषणे मागेपुढे होण्याचा संभव असतो. यास्तव वाचकांनी विशेषणांपेक्षा मिलिमीटरच्या आकड्याकडे पाहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस झाला होता. शहराच्या एका टोकाला आकाश कसे आहे यावरून दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या घरासंबंधी अंदाज बांधणे किती फसवे असते, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

चक्रीवादळाच्या सूचना टप्प्याटप्प्याने दिल्या जातात. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी दक्षतेचा इशारा, किमान २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा आणि सुमारे १२ तास आधी वादळ किनारा ओलांडल्यानंतरच्या संभाव्य परिस्थितीचा अंदाज, असा त्यांचा क्रम आहे. किनाऱ्यावरील कुटुंबाने आपली कामे याच क्रमात वाटून घ्यावीत. पहिल्या सूचनेनंतर औषधे व पाणी, दुसरीनंतर घराची डागडुजी आणि गुरांची व्यवस्था, तिसरी येताच निवाऱ्याकडे प्रस्थान.

नद्यांच्या बाबतीत इशारा पातळी आणि धोका पातळी असे दोन आकडे जाहीर होतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची हीच पातळी अनुक्रमे ३९ आणि ४३ फूट आहे. हे आकडे पुलाचे आणि बंधाऱ्याचे आहेत, आपल्या घराचे नाहीत. नदी किती फुटांवर गेली की पाणी आपल्या गल्लीत शिरते आणि त्याआधी कोणत्या फुटाला आपला बाहेर पडण्याचा रस्ता बंद होतो, हे दोन आकडे प्रत्येक पूरप्रवण घराने स्वतःसाठी काढून ठेवावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा अनेक घरे कोरडी असतानाच त्यांचे रस्ते बुडाले होते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ही मोबाइलवरील अॅप विनामूल्य आहेत. दामिनीवर जवळपास वीज पडण्याची पूर्वसूचना मिळते. तथापि मोठ्या आपत्तीत मोबाइलचे मनोरेच बंद पडतात. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत दूरध्वनी आणि मोबाइल या दोन्ही सेवा विस्कळीत झाल्या होत्या. बॅटरीवर चालणारा लहान रेडिओ आणि सुट्या बॅटऱ्या घरात असणे आजही अगत्याचे आहे.

घर सोडण्याचा निर्णय

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपाळपूरजवळ फायलिन वादळ आले. या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, हवामानाचे अंदाज सुधारले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. त्याचबरोबर लाखो कुटुंबांनी कोरड्या जमिनीवर उभे असताना, पाऊस सुरू होण्यापूर्वीच, दाराला कुलूप लावून निघण्याची तयारी दाखविली. हा शेवटचा भाग कोणत्याही यंत्रणेला परस्पर पार पाडता येत नाही.

लोक घर सोडत नाहीत याला हट्ट कारणीभूत असतो असे समजणे अन्यायाचे होईल. मागे राहिलेल्या घरात चोरी होईल ही भीती खरी असते. गोठ्यातील जनावरे हे अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन असते. निवाऱ्यात शौचालयाची सोय कशी असेल या चिंतेने स्त्रिया निघण्यास कचरतात. पूर्वीच्या पुरात पाणी आले नव्हते, मग आता कशाला येईल, असेही बोलले जाते. यांपैकी प्रत्येक अडचणीचा विचार आधी होऊ शकतो. मौल्यवान वस्तू कोणाकडे ठेवायच्या, गुरे उंचावरील कोणाच्या रानात न्यायची, हे पावसाळ्यापूर्वी ठरविता येते. न्यायला वेळच उरला नाही तर निदान दावी सोडून जनावरे मोकळी करावीत. खुंट्याला बांधलेले जनावर बुडते, मोकळे असलेले पुष्कळदा पोहून वाचते.

उशीर झाल्यावर निघणे हे न निघण्याइतकेच धोक्याचे असते. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन जाणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही माणसाचा तोल घालवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या नदीत गेल्या. पुरात पुलाचे कठडे दिसत आहेत म्हणजे पूल शाबूत आहे असे गृहीत धरू नये.

कुटुंबातील प्रत्येकाला दोन जागा माहीत असाव्यात. एक घराजवळची मोकळी जागा आणि दुसरी गल्लीत शिरताच आले नाही तर भेटण्याची, म्हणजे एखादी शाळा किंवा देऊळ. परगावच्या एका नातलगाचा क्रमांक सर्वांना तोंडपाठ असावा. आपत्तीच्या वेळी गावातल्या गावात फोन लागत नसताना बाहेरगावी लागण्याचा संभव अधिक असतो, आणि सर्वांनी आपली खुशाली त्या एकाला कळविली की ती इतरांनाही समजते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत शिक्षकांशी आधीच बोलून घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील कित्येक मुले शाळेतच रात्रभर सुरक्षित राहिली, मात्र त्यांना आणावयास निघालेले पालक वाटेत अडकले. मूल शाळेत असेल तर ते पाणी ओसरेपर्यंत शाळेतच राहील, असे ठरलेले असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

उशाशी काय असावे?

कोयनेचा १९६७ चा भूकंप, किल्लारीचा भूकंप, १९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड, ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमधील मुंडक्कै व चूरलमला येथील भूस्खलन या साऱ्या दुर्घटना रात्री किंवा पहाटे घडल्या. अशा वेळी वीज गेलेली असते, जमिनीवर काचा आणि कौले पसरलेली असतात आणि माणूस झोपेतून उठलेला असतो. म्हणून कपाटात ठेवलेल्या साहित्यापेक्षा अंथरुणापासून हातभर अंतरावर काय आहे याला महत्त्व येते. पायांत घालावयाच्या चपला, टॉर्च, चष्मा, दाराची किल्ली आणि एक शिटी एवढ्या वस्तू पुरेशा आहेत. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला ओरडून घसा कोरडा करण्यापेक्षा शिटी वाजविणे किंवा नळावर ठोकणे सोपे जाते. पावसाळ्यात रात्री दाराला आतून कुलूप लावण्याची सवय असलेल्यांनी किल्ली घरातील प्रत्येकाला सापडेल अशा जागी टांगावी.

सोबत न्यावयाची पिशवी किमान तीन दिवसांचा विचार करून भरावी. माणशी रोज किमान तीन लिटर पिण्याचे पाणी, शिजविण्याची गरज नसलेले अन्न, जसे की चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खजूर, तसेच जखमेसाठी पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे व वृद्धांचे आवश्यक सामान, काडेपेटी, मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक आणि थोडी रोख रक्कम सुट्या नोटांत. वीज नसताना एटीएम आणि डिजिटल व्यवहार दोन्ही ठप्प होतात. तीन दिवस हे किमान झाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. किनाऱ्यावर अथवा दुर्गम वाडीत राहणाऱ्यांनी शिधा त्या हिशेबाने ठेवावा.

मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार यांच्या रुग्णांची किमान आठवड्याची औषधे वेगळी ठेवावीत आणि औषधांची नावे व मात्रा कागदावर लिहून तो कागद पिशवीत टाकावा. घाबरलेल्या नातेवाइकाला गोळीचा रंग आठवतो, नाव आठवत नाही. फ्रिज बंद पडल्यास इन्सुलिनची बाटली ओल्या कापडाने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात थंड ठेवता येते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांनी पर्यायी केंद्र आधीच विचारून ठेवावे. पिशवीतील खाद्यपदार्थ व औषधे वर्षातून दोनदा बदलावीत. त्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा असे दोन मुहूर्त घरोघरी तयारच आहेत.

सातबारा उतारा किंवा घराची कागदपत्रे, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक, विमा आणि शैक्षणिक प्रमाणपत्रे जलरोधक पाकिटात ठेवावीत. २०१५ पासून सुरू असलेल्या 'डिजिलॉकर' सुविधेत अनेक दस्तऐवज साठविता येतात. २०१८ च्या केरळमधील महापुरात कागदपत्रे भिजल्यामुळे ती नव्याने देण्यासाठी तेथील प्रशासनाला विशेष शिबिरे घ्यावी लागली होती.

भूकंप

भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याचे शास्त्र जगात कोठेही उपलब्ध नाही. तसे सांगणारे संदेश दुर्लक्षिण्याजोगे समजावेत. भूकंपात माणसे मरतात ती प्रायः घर कोसळल्यामुळे. किल्लारी परिसरातील घरे जाड दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची होती. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून छतावर मातीचा जाड थर दिलेला असे. भिंतींच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधून ठेवणारे लांब दगड नसल्यामुळे हादऱ्याने त्या फुगून फाकल्या आणि मातीचे ओझे झोपलेल्यांवर आले. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि लोक उशिरा निजले होते. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी भूजजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनतळासाठी खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारती त्यांत प्रामुख्याने होत्या.

मातीच्या आणि कमी मजबुतीच्या दगडविटांच्या बांधकामांसाठी भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शक तत्त्वे योगायोगाने १९९३ याच वर्षातील आहेत. जोते, दार-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छत या ठिकाणी घराला चहूबाजूंनी घेरणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालणे हा त्यातील मुख्य उपाय आहे. नव्या बांधकामात त्यामुळे होणारी खर्चातील वाढ मर्यादित असते. घर बांधताना फरशीच्या रंगावर जितकी चर्चा होते तितकी या पट्ट्यावर होत नाही, ही खेदाची बाब आहे. जुन्या घराची तपासणी जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही काही गोष्टी करता येतात. उंच कपाटे भिंतीला स्क्रूने जखडावीत, जड भांडी खालच्या फळीवर ठेवावीत आणि माळ्यावर पेट्या रचल्या असतील तर त्याखाली अंथरूण घालू नये.

धक्का जाणवताच पक्क्या इमारतीत असल्यास खाली बसून मजबूत टेबलाखाली डोके झाकावे आणि टेबलाचा पाय धरून राहावे. जिन्याकडे धावू नये, उद्‌वाहनाचा वापर करू नये. दगडमातीचे घर असेल आणि दार दोन-चार पावलांवर असेल तर लगेच मोकळ्यावर येणे श्रेयस्कर असते. पहिल्या धक्क्यानंतर लहानमोठे धक्के अनेक दिवस बसतात, त्यामुळे तडे गेलेल्या घरात सामान आणण्यासाठीही शिरू नये.

वादळ, दरड, वीज, उष्णता

पत्र्याच्या छपरावर दगड किंवा जुने टायर ठेवून ते सुरक्षित झाले असे मानण्याची पद्धत सर्वत्र आढळते. जोरदार वाऱ्यात पत्रे उचलले जातात आणि हेच दगड खाली येतात. पत्रे वाशांना आकड्यांच्या बोल्टने आणि वासे भिंतीला पट्ट्यांनी बांधलेले असावेत. वादळाच्या मध्यभागी वारा एकाएकी पडतो आणि काही वेळाने विरुद्ध दिशेने तितक्याच वेगाने सुरू होतो. ही शांतता पाहून बाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

डोंगरउतारावरील वस्तीत जमिनीला किंवा घराच्या भिंतीला नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, ओढ्याचे पाणी भर पावसात एकदम कमी होणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एक जरी दिसले तरी अधिकृत आदेशाची वाट न पाहता संपूर्ण वाडीने बाजूला सरकावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा गाव नाहीसे झाल्याचे प्रथम एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले होते. मदत त्यानंतर निघाली.

देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि त्यांत शेतात काम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. चमक दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे असे समजून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाचा आडोसा घेऊ नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतभार राहत नाही, त्याला हात लावण्यास भिऊ नये. श्वास व नाडी थांबली असल्यास ताबडतोब छातीवर दाब देऊन हृदय-श्वसन पुनरुज्जीवन सुरू करावे.

समुद्रकिनारी भूकंपाचा तीव्र धक्का जाणवला किंवा पाणी अकस्मात दूर हटले तर तो त्सुनामीचा इशारा समजून लगेच उंच जागी जावे. २६ डिसेंबर २००४ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अनेक जण उघडा पडलेला समुद्रतळ पाहण्यास पुढे गेले होते. २००७ पासून हैदराबाद येथील केंद्रातून त्सुनामीची पूर्वसूचना दिली जाते. उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते तीन या वेळेत बाहेरची कामे टाळावीत. अंग तापून बरळणाऱ्या माणसाला ओल्या कापडाने गार करीत तत्काळ रुग्णालयात न्यावे, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

वीज, गॅस आणि परतल्यानंतरची कामे

विजेचा मुख्य खटका कोठे आहे आणि गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, हे अनेक घरांत एकाच व्यक्तीला माहीत असते. दहा वर्षांवरील मुलांसह सर्वांना ते दाखवावे. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. सर्व तातडीच्या सेवांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक दाराच्या आतील बाजूस मोठ्या अक्षरांत चिकटवावेत. शहरातील तळमजल्यावरच्या घरांत पुराचे पाणी दारातून येण्याआधी शौचकूपातून वर येते. वाळूची एक पोती तेथे ठेवून ते काही काळ थोपविता येते.

पुरानंतर घरात परतताना मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी आणि काठीने चाचपत पुढे जावे, कारण सापांनीही त्याच कोरड्या कोपऱ्यांचा आश्रय घेतलेला असतो. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालू न देता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. पाणी उकळूनच प्यावे. पुराच्या पाण्यातून चालावे लागलेल्यांना ताप आल्यास डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगावी, कारण मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. वीज नसताना बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनित्र चालविल्यास विषारी वायूने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

चिखल उपसण्याची घाई करण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, भिंतीवरील पाण्याच्या खुणेची आणि नुकसान झालेल्या वस्तूंची छायाचित्रे काढावीत. मेलेल्या जनावरांच्या कानातील बिल्ल्याचेही छायाचित्र असावे. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी. पूर, भूकंप, वादळ व भूस्खलन या सर्वांपासून घराला संरक्षण देणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित विमा योजना एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध आहे. विमा असल्यास कंपनीला नुकसानीची सूचना विनाविलंब द्यावी आणि तिचा पाहणी अधिकारी येऊन जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकून देऊ नयेत.